डीएपीच्या पोत्यातला दगड येतो कुठून?

आजचा भाग दगडाचा आहे, पण सुरुवात खताच्या दुकानापासून करावी लागेल.

मृगाचा एखादा बरा पाऊस झाला की लातूर असो नाहीतर नांदेड, कृषी सेवा केंद्रापुढं एकच विचारणा असते: डीएपी आलं का? "रेक लागली म्हणे" अशी बातमी सकाळी कुणीतरी आणतं आणि दुपारी "संपलं" अशी दुसरी येते. त्यात काही दुकानदार पोत्याबरोबर नको असलेली एखादी बाटली गळ्यात मारतात. लिंकिंग हा शब्द आता गावातल्या पोरासोरांनाही माहीत झालाय. आणि मी भूशास्त्राचा माणूस आहे हे कळलं की लोक हमखास विचारतात, "सर, जमिनीतून काय काय निघतं, मग ह्या खताचा दगड आपल्या मराठवाड्यात का निघंना?"

प्रश्न अगदी रास्त आहे. खाण आपल्याकडं का नाही, ती जिथं आहे तिथं का आहे, आणि तिथला दगड आपल्या काळ्या रानात येऊन पडला की त्याचं पुढं काय होतं, हे आज बघू. शेवटचा भाग शेतकऱ्याच्या खिशाचा आहे, तेव्हा मधेच उठून जाऊ नका.

आधी पोतं बघा. त्यावर १८:४६:० असं छापलेलं असतं. १८ टक्के नत्र, ४६ टक्के स्फुरद, पालाश शून्य. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. पण ह्या २३ किलोत एक जुना हिशेबी घोळ आहे. खताच्या व्यापारात स्फुरद मोजतात ते ऑक्सिजन जोडलेल्या रूपात, फॉस्फरस पेंटॉक्साइड म्हणून. ऑक्सिजन बाजूला काढला तर पोत्यात मूळ मूलद्रव्य उरतं साधारण १० किलो. आज मी जिथं जिथं 'मूळ स्फुरद' म्हणेन तिथं हे १० किलोवालं समजा, नाहीतर गोंधळ होईल.

स्फुरद हा शब्द मला फार आवडतो. स्फुरणं म्हणजे चमकणं, लुकलुकणं. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांड नावाच्या किमयागारानं सोनं मिळेल ह्या आशेनं माणसाचं मूत्र आटवलं, भाजलं, आणि त्यातून अंधारात चमकणारा एक पदार्थ निघाला. तो हा. आपल्या हाडात, दातात, प्रत्येक पेशीत तो आहे. त्याच्या जागी दुसरं काही चालत नाही. नत्र हवेतून घेता येतं. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी तेच करतात. स्फुरद हवेत नाही. ते दगडातूनच आणावं लागतं.

आता खाणीकडं. लातूर जिल्हा जवळजवळ सगळाच्या सगळा बेसाल्टवर बसलाय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला, त्यावर पुन्हा आला. असे थरावर थर. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा खडक आहे. विहीर खणताना काळा पाषाण लागतो, मग जरा मऊ मांजऱ्या, परत काळा पाषाण, ते हेच थर.

ह्या थरांच्या खाली काय आहे, हे बाकी ठिकाणी अंदाजानं सांगावं लागतं. लातूरबद्दल मात्र नेमकं सांगता येतं, आणि त्यामागचं कारण दुःखाचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर जमिनीखाली नक्की आहे काय, हे बघायला किल्लारीच्या परिसरात खोल भोकं पाडून दगडाचे नमुने वर काढले. त्यातलं एक भोक ६१७ मीटर खोल गेलं. वरचे ३३८ मीटर निव्वळ बेसाल्ट. त्याखाली फक्त ८ मीटर गाळाचा थर. आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइटसारखे जुनेपुराणे खडक, अडीचशे कोटी वर्षांच्या घरातले, भोक संपेपर्यंत.

हे ८ मीटर लक्षात ठेवा. फॉस्फेटची मोठी खाण व्हायला समुद्र लागतो, आणि त्या समुद्राच्या तळाला लाखो वर्षं शांतपणे साठलेला गाळ लागतो. किल्लारीच्या त्या भोकात लाव्हा आणि जुना खडक ह्यांच्यामध्ये गाळाचं म्हणून जे काही सापडलं ते एवढंच. अडीचशे कोटी वर्षांपूर्वीची जमीन, मग कोट्यवधी वर्षांची झीज, मग लाव्हा. खाणीला लागणारं मधलं पान आपल्या वहीतून फाटलेलं आहे.

मग बेसाल्टमध्येच स्फुरद नाही का? आहे ना. पण किती, तर शेकडा ०.२ च्या आसपास. ते अ‍ॅपेटाइट नावाच्या खनिजाच्या सुईएवढ्या बारीक कणांत विखुरलेलं असतं. खाणीला किमान शंभरपट तरी जास्त लागतं. म्हणून कुणी "तुमच्या शेतात फॉस्फेट लागलंय, पैसे गुंतवा" म्हणत आलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

नांदेडचा पूर्वेकडचा भाग मात्र वेगळा आहे. देगलूर, बिलोली, किनवट ह्या बाजूला लाव्हाची चादर संपते आणि खालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. देगलूरकडं जाताना शेतात मोठमोठे गोल गुलाबी-करडे धोंडे दिसतात ना, ते हे. ह्या ग्रॅनाइटमध्येही अ‍ॅपेटाइट असतं. खाणीला परवडणारं नाही, पण तिथल्या माणसांच्या आयुष्यात त्यानं आणि त्याच्या सोबतच्या खनिजांनी वेगळ्याच वाटेनं प्रवेश केलाय.

अ‍ॅपेटाइट म्हणजे कॅल्शियम, फॉस्फेट आणि सोबत थोडं फ्लोरिन. ग्रॅनाइटमध्ये फ्लोराइट असतं, काळा अभ्रक असतो, त्यांच्यातही फ्लोरिन असतं. हे खडक झिजतात, भेगांतल्या पाण्यात फ्लोराइड उतरतं, आणि बोअर जितकं खोल, पाणी जितकं जास्त काळ दगडाला बिलगून राहिलेलं, तितकं ते जास्त असण्याची शक्यता. किनवट तालुक्यातल्या काही गावांत हा त्रास आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चांगलं, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्यापुढं लहान मुलांच्या पक्क्या दातांवर, ते हिरडीच्या आत तयार होत असतानाच, पांढरे-पिवळे-तपकिरी डाग पडायला लागतात. प्रमाण आणखी वाढलं आणि वर्षानुवर्षं तेच पाणी प्यालं तर हाडं धरतात, पाठ वाकते.

भूशास्त्राच्या बाजूनं बघितलं तर आपले दात आणि हाडं अ‍ॅपेटाइटचीच आहेत. फक्त त्यात फ्लोरिनच्या जागी बहुतेक करून हायड्रॉक्सिल असतं. म्हणजे जो दगड राजस्थानात सुरुंग लावून फोडतात, त्याच घराण्यातलं खनिज तुमच्या तोंडात आहे. ह्या भागातल्या कुणी नवीन बोअर मारलं असेल तर पाणी चवीला गोड आहे म्हणून बिनधास्त राहू नका. फ्लोराइडला चव नसते, वास नसतो. तपासणी करूनच घ्या, आणि उघड्या विहिरीचं किंवा तळ्याचं पाणी मिळत असेल तर पिण्यासाठी ते, अर्थातच शुद्ध करून, बरं.

बरं, आता खऱ्या खाणीवर जाऊ. उदयपूरपासून २५ किलोमीटरच्या आसपास झामरकोटडा नावाचं ठिकाण आहे. १९६८ साली तिथं फॉस्फेटचा साठा सापडला. आपल्याकडं संकरित बियाणं आणि रासायनिक खत नुकतं रुजत होतं, त्या काळातली ही गोष्ट. देशातली ही सगळ्यात मोठी फॉस्फेटची खाण, राजस्थान सरकारच्या कंपनीकडं आहे. नकाशावर तिथला खडक घोड्याच्या नालासारखा वळलेला दिसतो, एकूण लांबी सुमारे १६ किलोमीटर. थर मुळात आडवे होते. नंतरच्या भूहालचालींनी ते दुमडले, उभे राहिले. म्हणून खाण लांबट खंदकासारखी होत खोल जाते.

त्या खडकाचा ताजा कापलेला तुकडा बघण्यासारखा असतो. करड्या-पांढऱ्या दगडात निळसर-काळपट खांब उभे असतात, आणि प्रत्येक खांबात एकावर एक कमानदार पापुद्रे. कोबीचा गड्डा उभा चिरल्यावर दिसतो तसे. ह्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. हे सजीवांनी बांधलेले खडक आहेत. पावणेदोनशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी तिथं उथळ, ऊनवाला समुद्र होता. मासे नव्हते, शिंपले नव्हते, जमिनीवर गवताचं पातं नव्हतं. होते ते सूक्ष्मजीवांचे चिकट गालिचे, आपल्या पाणवठ्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो तसले. भरतीबरोबर बारीक गाळ यायचा, गालिच्याला चिकटायचा, जीव त्याच्या वर सरकायचे, पुन्हा गाळ. असा पापुद्र्यावर पापुद्रा चढत गेला. फॉस्फेट साठलं ते मुख्यतः ह्या खांबांमध्ये. दोन खांबांमधली जागा डोलोमाइटनं, म्हणजे मॅग्नेशियमवाल्या चुनखडकानं भरली.

ही मधली जागाच आज खाणवाल्यांची डोकेदुखी आहे. वरच्या अंगाला जिथं पावसाच्या पाण्यानं डोलोमाइट विरघळून निघून गेलं, तिथं दगडात फॉस्फेटचं प्रमाण आपोआप वाढलं, ३० टक्क्यांच्या वर गेलं. निसर्गानं आधीच निवडून ठेवलेलं धान्य म्हणा. तसलं उत्तम धान्य थोडं. खाली गेलं की फॉस्फेट निम्म्यावर येतं आणि डोलोमाइट वाढतं. डोलोमाइटमधलं मॅग्नेशियम पुढं कारखान्यात आम्ल बनवताना त्रास देतं. म्हणून हा दगड पिठासारखा दळतात, पाण्यात कालवतात, काही रसायनं घालून खालून हवा सोडतात. एक खनिज बुडबुड्यांना धरून फेसाबरोबर वर येतं, दुसरं तळाशी राहतं. सुपात धान्य पाखडतात तेच, वाऱ्याऐवजी फेसानं. ह्याला वीज लागते, आणि राजस्थानात जे सगळ्यात महाग ते पाणी लागतं.

मध्य प्रदेशात झाबुआ जिल्ह्यात मेघनगरच्या आसपास अशाच जातीचा दगड निघतो. सागर-छतरपूरच्या बाजूला हिरापूरचा साठा आहे. उत्तराखंडात मसुरीला होता, तिथलं काम बंद पडलं. एकूण आकडा मोठा दिसतो: देशात ३० कोटी टनांच्या आसपास फॉस्फेटचा दगड असल्याची नोंद आहे. पण त्यातला बहुतेक हलक्या प्रतीचा. आज खणून परवडेल असा त्याच्या फार तर पाचवा-सहावा हिस्सा. पेपरात 'देशात प्रचंड साठा' असा मथळा आला की नोंदलेला साठा आणि परवडणारा साठा हा फरक विचारायचा. राजकारणी हा फरक सांगत नाहीत आणि पत्रकार विचारत नाहीत.

म्हणून बाकीचा दगड, आम्ल आणि तयार डीएपी जहाजानं येतं. मोरोक्को, जॉर्डन, इजिप्त, टोगो, सौदी अरेबिया, रशिया, चीन. चीननं २०२१ पासून आपली फॉस्फेटची निर्यात आवळली, आणि त्याचा चटका आपल्या रेक पॉइंटपर्यंत पोचला.

ह्यात मोरोक्कोचा उल्लेख जरा थांबून करायचाय. जगातल्या नोंदलेल्या साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या त्या देशाच्या हिशेबात धरतात. खुरीब्गा नावाच्या गावाजवळ १९२१ पासून खणताहेत. तिथलं फॉस्फेट झामरकोटड्याइतकं म्हातारं नाही. सुमारे सात कोटी वर्षांपासून पावणेपाच कोटी वर्षांपर्यंत ते साठत गेलं. आता आपला लाव्हा कधीचा? साडेसहा कोटींचा. म्हणजे ज्या काळात लातूर-नांदेडवर तापलेल्या लाव्ह्याचे लोट पसरत होते, त्याच काळात मोरोक्कोच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात हे फॉस्फेट तळाला बसत होतं. डायनासोर संपले तो क्षणही त्या थरांच्या मधेच कुठंतरी येतो. खालच्या थरांत मोसासॉर ह्या अवाढव्य समुद्री सरड्यांची हाडं सापडतात, वरच्या थरांत ते नाहीसे होतात, शार्कचे दात मात्र राहतात. खाणीच्या परिसरात हे दात लोक विकायला बसतात.

तिथं एवढं फॉस्फेट का साठलं? कारण खोल समुद्राचं थंड पाणी किनाऱ्याशी वर येत होतं. खोल पाण्यात स्फुरद जास्त असतं, कारण वरचे जीव मरून खाली पडतात आणि तिथं कुजतात. ते पाणी उन्हात वर आलं की सूक्ष्म जीवांची झुंबड उडते, त्यांना खाणारे मासे येतात, सगळे मरून तळाला पडतात. तळाच्या चिखलात स्फुरद मोकळं होतं, कॅल्शियमला भेटतं आणि अ‍ॅपेटाइट होऊन बसतं. वर लाटा येऊन हलका चिखल धुऊन नेतात, जड फॉस्फेटचे दाणे मागं राहतात. हे लाखो वर्षं चाललं पाहिजे, आणि त्यात नद्यांनी फार गाळ आणून ओतता कामा नये. पेरू आणि नामिबियाच्या किनाऱ्यावर थोड्याफार प्रमाणात हे आजही चाललंय. आपल्याकडं त्या काळात समुद्राऐवजी आग होती. त्या आगीनं आपल्याला काळी माती दिली, तेव्हा तक्रार करायला फार जागा नाही.

कारखान्याचं काम थोडक्यात. फॉस्फेटचा दगड नुसता दळून टाकला तर पाण्यात विरघळत नाही. त्याला गंधकाम्लानं फोडावं लागतं. १८४२ साली इंग्लंडात जॉन बेनेट लॉज ह्यांनी ह्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं, तेच सुपर फॉस्फेट. दगडावर आम्ल ओतायचं आणि जे बनेल ते सगळंच्या सगळं पोत्यात भरायचं. म्हणून एसएसपीमध्ये स्फुरद फक्त १६ टक्के, पण सोबत ११ टक्के गंधक राहतं. डीएपीसाठी मात्र आधी फॉस्फरिक आम्ल वेगळं काढतात आणि त्यात अमोनिया मिसळतात. मागं राहतं ते जिप्सम. एक टन आम्लामागं, पेंटॉक्साइडच्या हिशेबात, सुमारे पाच टन. त्या जिप्सममध्ये थोडे किरणोत्सारी अंश आणि फ्लोरिन असतं, त्यामुळं ते कुठंही वापरता येत नाही आणि कारखान्याशेजारी त्याचे डोंगर उभे राहतात. आपलं पोतं स्वच्छ पांढऱ्या बॅगेत येतं. डोंगर दुसऱ्या कुणाच्या गावाला.

तर एवढा उपद्व्याप कशासाठी? अ‍ॅपेटाइट फोडून स्फुरदाला कॅल्शियमच्या तावडीतून सोडवण्यासाठी. आता हे सुटलेलं स्फुरद आपण कुठं टाकतो? चुनखडीनं भरलेल्या काळ्या जमिनीत. नांगरताना पांढरे खडे वर येतात, पायाला टोचतात, ते कॅल्शियमच आहे. आपल्या भारी जमिनीचा सामू बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ. डीएपीचा दाणा ओलीत विरघळतो, स्फुरद मोकळं होतं, आणि काही दिवसांत ते पुन्हा कॅल्शियमला चिकटायला लागतं. आधी थोडं सैल, मग घट्ट, आणि वर्षांनुवर्षांत परत अ‍ॅपेटाइटच्या दिशेनं. उदयपूरला किंवा खुरीब्गाला आम्लानं जे मोडलं, ते आपलं रान हळूहळू पुन्हा जोडतं. शेतकरी पोतं ओततो आणि जमीन त्याचा दगड करते.

टाकलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाला मिळतं ते साधारण १५ ते २५ टक्के, असं सर्वसाधारणपणे मानतात. बाकीचं वाहून जात नाही, उडूनही जात नाही. ते तिथंच बसून राहतं. हिशेब करू. सोयाबीनला हेक्टरी ६० किलो स्फुरद म्हणजे एकरी २४; म्हणूनच 'एकरी एक बॅग' ही आपली रीत पडली. त्यात मूळ स्फुरद १० किलो. एकरी आठ क्विंटल सोयाबीन झालं तर दाण्यातून शेताबाहेर जातं सुमारे ५ किलो. राहिलेले ५ किलो रानातच. दहा वर्षं असं चाललं तर ५० किलो, म्हणजे पाच पोत्यांचा माल. दुष्काळात तीन-चार क्विंटलवर आटोपलं, त्या वर्षी तर आणखी जास्त राहिलं. शिवाय मातीचं स्वतःचं वेगळंच. एका एकराच्या वरच्या वीतभर मातीचं वजन नऊ लाख किलोच्या घरात. किलोमागं अर्धा ग्रॅम मूळ स्फुरद धरलं तरी साडेचारशे किलो होतं. पंचेचाळीस पोती! त्यातलं पिकाला लगेच घेता येईल असं असतं चिमूटभर.

म्हणजे खाण आपल्याकडं नाही असं मी मघाशी म्हणालो, ते खडकाबद्दल. मातीत आपण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत स्वतःच्या पैशानं एक पातळ खाण भरून ठेवलीय. ती उघडायची कशी?

पूर्णपणे उघडता येत नाही, हे आधी सांगतो, म्हणजे कुणी बाटली विकायला आलं तर फसणार नाही. पण काही गोष्टींनी फरक पडतो. पहिली, खत फेकून द्यायचं नाही. स्फुरद मातीत काही मिलिमीटरच सरकतं. वर फेकलं तर वरच बसतं आणि जास्त मातीला भिडून लवकर बांधलं जातं. तिफणीनं किंवा पेरणीयंत्रानं बियाच्या खाली, थोडं बाजूला, पट्ट्यात पडलं तर मुळाला सापडतं. एवढ्या एका गोष्टीनं पोत्याची किंमत वाढते, आणि ह्याला वेगळा खर्च नाही.

दुसरी, स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी. ते आम्लं सोडून कॅल्शियम सैल करतात. स्वस्त आहे, बीजप्रक्रिया करायला हरकत नाही. पण कोरड्या रानात, सेंद्रिय कर्ब नसलेल्या मातीत त्यांना खायलाच काही नसतं. पाकीट ताजं पाहिजे, उन्हात ठेवलेलं नको.

तिसरी मला जास्त भरवशाची वाटते, ती म्हणजे पिकांची फेरपालट. काही पिकांची मुळं स्वतःच आम्लं सोडतात. १९९० च्या सुमारास हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये ह्यावर महत्त्वाचं काम झालं. तुरीच्या मुळातून सुटणारं आम्ल लोहाला बांधलेलं स्फुरद सोडवतं, हे त्यांनी दाखवलं. आपल्या काळ्या जमिनीत स्फुरद लोहापेक्षा कॅल्शियमला जास्त बांधलेलं असतं, आणि तिथं हरभरा उजवा ठरतो. सोयाबीनमागं हरभरा ही लातूरची जुनी सवय शास्त्राला धरून आहे. फक्त हरभऱ्याला पुन्हा पोतंभर डीएपी डोळे झाकून टाकायचं का, हे माती तपासून ठरवा. चुनखडीच्या जमिनीसाठी ऑल्सेन पद्धतीनं तपासलेला उपलब्ध स्फुरदाचा आकडा बघायचा. तो 'जास्त' आला असेल तर त्या वर्षी निम्मी बॅग पुरते. अती स्फुरदानं जस्ताची कमतरता वाढते, पानं पिवळी पडतात, आणि मग आपण जस्ताची पुडी आणायला पुन्हा त्याच दुकानात जातो.

आता मागच्या आठवड्यात आलेले तीन प्रश्न घेतो.

पहिला: "डीएपी मिळालं नाही तर काय टाकू?" एका बॅगला तोड म्हणजे एसएसपीच्या तीन बॅगा आणि युरियाची अर्धी. तीन बॅगांत २४ किलो स्फुरद, अर्ध्या युरियात १० किलो नत्र. हिशेब बसतो. वर १६ किलो गंधक मिळतं, जे डीएपीत नाहीच. सोयाबीन तेलबियांचं पीक आहे, त्याला गंधक हवं असतं. वाहतूक आणि मजुरी जास्त लागते हे खरं, पण सोयाबीनपुरतं बोलायचं तर मी एसएसपीकडंच झुकेन. डीएपीसाठी रात्रभर रांगेत बसण्याइतकं त्यात काही जास्तीचं नाही.

दुसरा: "रॉक फॉस्फेटची नुसती पावडर स्वस्तात मिळतेय, सेंद्रिय आहे म्हणतात, घेऊ का?" आपल्या जमिनीत, नको. कच्चा दगड विरघळायला आंबट माती लागते. कोकणातली जांभ्याची जमीन, चहाचे मळे, तिथं तो कामाचा. आपल्या चुनखडीच्या रानात तो टाकला तसा राहील, तुमच्या नातवाला सापडेल. शेणखतात महिनोन्महिने कुजवून वापरला तर थोडा उपयोग होतो, नुसता पेरून नाही.

तिसरा प्रश्न उदगीरकडच्या एका ताईंचा आहे: "शेणखतातून किती स्फुरद मिळतं, आणि कोंबडीखत खरंच भारी असतं का?" शेणखताच्या एका टनात दोन-अडीच किलो. दोन-अडीच टनांच्या चार ट्रॉल्या म्हणजे जवळजवळ डीएपीची एक बॅग; शिवाय त्यातल्या कर्बामुळं मातीतलं बांधलेलं थोडं सुटतं ते वेगळं. आणि कोंबडीखताचं म्हणाल तर हो, ते कितीतरी पटीनं भारी असतं. त्याचं कारण आपल्याच बाजारात आहे. लातूरच्या गिरण्यांत सोयाबीनचं तेल निघतं तेव्हा स्फुरद तेलात जात नाही, पेंडीत राहतं. पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्याला. सोयाबीनमधलं बरंचसं स्फुरद फायटेट नावाच्या रूपात असतं आणि कोंबडीला ते नीट पचत नाही, म्हणून ते विष्ठेत उतरतं. तेव्हा जवळपास पोल्ट्री असेल, तर ताई, खत चांगलं कुजवून घ्या, ताजं घालू नका, पिकाला चटका बसतो. आणि भाव करताना एवढं ध्यानात असू द्या की त्यातला काही माल आपल्याच रानातून गेलेला आहे.